डॉन डन्स्टन आणि साउथ ऑस्ट्रेलिया: एका मुख्यमंत्र्याच्या हातात असतं तरी किती?

नॉरवूडकर

ॲडलेडला राहायला आल्यापासून एक नाव सारखं समोर येतंय. मी राहते त्या मतदारसंघाचं नाव डन्स्टन. फेस्टिव्हल सेंटरमध्ये नाटकाला गेलं तर थिएटरचं नाव डन्स्टन प्लेहाऊस. साठीपुढच्या कुणालाही विचारा, आधी चेहऱ्यावर हसू येतं आणि मग ‘ती गुलाबी हाफ चड्डी’ हा विषय निघतो. १९७२ साली हा गृहस्थ राज्याचा मुख्यमंत्री, म्हणजे इथल्या भाषेत प्रीमियर, असताना गुलाबी हाफ चड्डी, पांढरा टी-शर्ट आणि लांब पांढरे मोजे घालून विधानसभेत आला होता. फोटो जालावर आहे, जरूर बघा.

चड्डीच्या पलीकडचं वाचत गेले आणि चक्रावलेच. डॉन डन्स्टनचा जन्म १९२६ चा, फिजीतल्या सुवा शहरातला. आई-वडील मूळचे साउथ ऑस्ट्रेलियाचे, वडील तिकडे एका व्यापारी कंपनीत नोकरीला. उसाच्या मळ्यांवर राबायला नेलेल्या भारतीय गिरमिटिया मजुरांची पोरंबाळं आजूबाजूला होती, हा त्यांच्यात मिसळायचा आणि ते तिथल्या गोऱ्या मंडळींना खपायचं नाही. पुढे ॲडलेडला बड्या घरच्या मुलांच्या शाळेत शिक्षण, मग वकिली, आणि १९५३ मध्ये लेबर पक्षातर्फे नॉरवूडमधून आमदार. १९६५ मध्ये लेबरला बत्तीस वर्षांनी सत्ता मिळाली तेव्हा ॲटर्नी जनरल, म्हणजे कायदामंत्री. १९६७ मध्ये प्रीमियर, १९६८ मध्ये खुर्ची गेली, १९७० मध्ये परत मिळाली ती थेट १९७९ पर्यंत.

एवढ्या काळात काय काय झालं बघा. संध्याकाळी सहाला बार बंद करायचा १९१६ पासूनचा नियम गेला. वंशावरून भेदभाव करण्याविरुद्धचा देशातला पहिला कायदा आला, आदिवासींच्या जमिनींसाठी ट्रस्ट आला, दोन्ही १९६६ मध्ये. १९७५ मध्ये समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळणारं हे देशातलं पहिलं राज्य ठरलं. १९७६ मध्ये फाशी रद्द झाली आणि त्याच वर्षी देशातले पहिले आदिवासी राज्यपाल, सर डग्लस निकोल्स, नेमले गेले.

आता प्रश्न. इथल्या राज्याच्या प्रमुखाकडे परराष्ट्र धोरण नाही, सैन्य नाही, आयकर केंद्राकडे. मग एका माणसाने राज्य बदललं हे खरं, की साठ-सत्तरच्या दशकात सगळं जगच बदलत होतं आणि हा फक्त त्या लाटेवर स्वार झाला? ऑस्ट्रेलियातल्या मंडळींनी आणि राजकारणाची आवड असलेल्या बाकीच्यांनीही लिहा.

बाकरवडी

आधी फोटो बघून आलो. चड्डीपेक्षा मोजे जास्त धक्कादायक आहेत.

अवकाळी

ॲडलेड म्हटलं की मला फक्त ३६ ऑल आऊट आठवतं. तुमचं चालू द्या.

नॉरवूडकर

@अवकाळी, त्याच मैदानावरचा २००३ चा द्रविड आठवा की! २३३ आणि नाबाद ७२. बरं, आता विषयावर या.

खडूस_काका

लेख माहितीपूर्ण आहे पण सूर आरतीचा लागलाय. जरा प्रसादही बघू.

डन्स्टनच्या आधी टॉमस प्लेफर्ड नावाचे प्रीमियर होते. १९३८ ते १९६५, सलग. ॲडलेडजवळच्या डोंगरात नॉर्टन समिटला चेरीच्या बागा करणारा शेतकरी माणूस, विचारांनी पक्का कॉन्झर्व्हेटिव्ह. तरी याच माणसाने १९४६ मध्ये खाजगी वीज कंपनी सरकारजमा केली, कारण ती राज्यातला कोळसा वापरायला तयार नव्हती. सरकारी घरबांधणी केली, एलिझाबेथ नावाचं अख्खं शहर वसवलं, होल्डनचा मोटारींचा कारखाना तिथे आला. गहू आणि लोकर विकून जगणाऱ्या राज्याला कारखाने मिळाले ते प्लेफर्डमुळे.

लोकांच्या हाताला काम मिळाल्यावर नाट्यगृहं आणि पदपथावरची हॉटेलं सुचतात. घर एकाने बांधलं, वास्तुशांतीच्या पंगतीत मिरवला दुसरा. नाव मात्र पंगतवाल्याचं राहिलं.

गोदाकाठ

काका, प्लेफर्डांचं कर्तृत्व मान्य. पण ते सव्वीस वर्षं टिकले कसे हे सांगायचं सोडून दिलंत. धाग्याच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेच आहे.

तेव्हाच्या विधानसभेत ३९ जागा. त्यातल्या २६ ग्रामीण भागाला आणि १३ ॲडलेड शहराला. लोकसंख्या नेमकी उलट, बहुसंख्य लोक शहरात. म्हणजे खेड्यातल्या एका मताला शहरातल्या कितीतरी मतांचं वजन. ही रचना प्लेफर्डांच्या नावावर ‘प्लेमॅंडर’ म्हणून ओळखली जाते, जरी ती त्यांच्या आधीपासूनची होती. कारखाने आले, कामगार शहरात आले, त्यांनी लेबरला भरभरून मतं दिली आणि ती मतं मोजक्या शहरी जागांत जाऊन साचली.

१९६८ ची निवडणूक बघा. डन्स्टनच्या लेबरला जवळपास ५२ टक्के मतं, समोरच्या, म्हणजे प्लेफर्डांच्या, लिबरल ॲंड कंट्री लीगला ४४ टक्क्यांच्या आत. जागा किती? १९ आणि १९. एक अपक्ष, टॉम स्टॉट, तो लीगच्या बाजूला गेला. बावन्न टक्के मतं मिळवून डन्स्टन घरी! तो काही लगेच गेला नाही. विधानसभा भरेपर्यंत पदावर राहिला, या अन्यायाविरुद्ध सभा-मोर्चे झाले, आणि सभागृहात ठराव हरल्यावरच पायउतार झाला. विरोधक म्हणाले खुर्चीला चिकटलाय. पण त्या काही आठवड्यांत एका मताचं मोल किती हा मुद्दा राज्यातल्या घराघरात पोचला.

खरी गंमत पुढे आहे. त्याच्या जागी आलेला लीगचा प्रीमियर स्टील हॉल. त्याला ठाऊक होतं की याच रचनेवर आपला पक्ष जगतोय. तरी त्याने जागा ३९ वरून ४७ केल्या आणि त्यातल्या २८ शहराला दिल्या. पक्षातले ग्रामीण पुढारी भडकले. १९७० च्या निवडणुकीत निकाल लेबर २७, लीग २०. स्वतःच्या सहीने स्वतःचा पराभव मंजूर करणारा राजकारणी मी तरी दुसरा वाचलेला नाही.

तेव्हा माझं मत: चड्डी डन्स्टनची, पण दरवाजा उघडला हॉलने.

दख्खनी

+१. स्टील हॉल हे नाव आज पहिल्यांदा ऐकलं. आपल्याकडे लोकसभेच्या मतदारसंघांच्या पुनर्रचनेवरून दक्षिण-उत्तर वाद चालू आहे, त्या चर्चेत हे उदाहरण कुणी देत कसं नाही?

खडूस_काका

देणार कसे? देणाऱ्याला मग हॉलसारखं वागावं लागेल.

नॉरवूडकर

@गोदाकाठ, मस्त प्रतिसाद. @काका, प्लेफर्ड आणि डन्स्टन यांच्याबद्दल वाचलेली एक गोष्ट सांगते. दोघं सभागृहात एकमेकांवर तुटून पडायचे. पण प्लेफर्डांच्या घरी जायचा रस्ता नॉरवूडवरून. त्यामुळे रात्री कामकाज संपलं की प्रीमियर साहेब विरोधी बाकावरच्या या तरुण आमदाराला आपल्या गाडीतून घरी सोडायचे.

अवकाळी

आपल्याकडे त्या गाडीचा फोटो निघाला असता तर डन्स्टन घरी पोचायच्या आत चॅनलवर पट्टी फिरली असती: ‘लेबर फुटणार?’

मिश्रखत

मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त. गोदाकाठ यांनी हॉलच्या पराभवातला पाण्याचा भाग सोडला, तो लिहितो. आम्हाला तेवढंच दिसतं.

साउथ ऑस्ट्रेलिया हे मरे नदीच्या अगदी शेपटाला असलेलं कोरडं राज्य. वरून न्यू साउथ वेल्स आणि व्हिक्टोरिया पाणी घेणार, उरलेलं आणि खारावलेलं यांच्याकडे येणार. आपल्याकडे जायकवाडीवाले नाशिक-नगरकडे ज्या नजरेने बघतात त्याच नजरेने हे लोक वरच्या राज्यांकडे बघतात. यांना आपल्या हद्दीत चोविला इथे धरण हवं होतं. तज्ज्ञ म्हणाले, तिथे खर्च फार आणि खारेपणाचा धोका, त्यापेक्षा व्हिक्टोरियातल्या डोंगरात डार्टमाऊथला बांधा. हॉल प्रीमियर झाल्यावर त्याने तज्ज्ञांचं ऐकलं आणि डार्टमाऊथ मान्य केलं.

आता तो अपक्ष स्टॉट आठवा. त्याचा मतदारसंघ मरेच्या काठावर. चोविला गेलं म्हणून त्याने हॉलचा टेकू काढला, सरकार कोसळलं, निवडणूक लागली. डन्स्टन चोविलाच्या बाजूने होता. निवडून आला, आणि शेवटी त्यालाही डार्टमाऊथच स्वीकारावं लागलं. ते धरण १९७९ मध्ये पुरं झालं.

धरणावरून सरकारं पडतात हे पाहून बरं वाटलं. फक्त आमच्याकडेच असतं असं वाटत होतं.

बाकरवडी

म्हणजे हॉल दोनदा बरोबर होता आणि दोन्ही वेळा मार खाल्ला. डन्स्टन एकदा चूक होता आणि निवडून आला. राजकारण शिकायचं तर ॲडलेडला!

वकीलीणबाई

उशिरा आले, पण कायद्यांच्या बाजूने दोन मुद्दे मांडायचे आहेत.

पहिला, समलिंगी संबंधांचा. धाग्यात हे श्रेय सरळ डन्स्टनच्या खात्यावर जमा झालंय, घटनाक्रम मात्र वेगळा आहे. मे १९७२ मध्ये ॲडलेड विद्यापीठातले कायद्याचे प्राध्यापक जॉर्ज डंकन टॉरेन्स नदीत बुडून मेले. नदीकाठचा तो भाग समलिंगी पुरुषांच्या भेटीगाठींचा. त्यांना नदीत फेकणारे पोलीसच असल्याचा संशय होता. पुढे खटला चालला, दोन माजी पोलीस १९८८ मध्ये निर्दोष सुटले, शिक्षा कुणालाच झाली नाही. त्या मृत्यूने शहर हादरलं. त्याच वर्षी कायदा बदलण्याचं खाजगी विधेयक आणलं ते मरे हिल यांनी, आणि ते लीगच्या, म्हणजे लिबरल बाजूचे! ते बरंच पातळ होऊन मंजूर झालं. १९७५ चं पूर्ण विधेयक लेबरच्या पीटर डंकन यांचं, तेही खाजगी. डन्स्टन सरकारने ते सरकारी विधेयक म्हणून आणलं नाही. त्याने वातावरण तयार केलं, माणसं बसवली, वाट अडवली नाही. कायदे बहुतेक असेच होतात.

याच सरकारच्या काळात, १९७६ मध्ये, विवाहांतर्गत बलात्काराला काही अटींसह गुन्हा ठरवणारी तरतूद आली. आपल्या नव्या न्याय संहितेतही नवऱ्याचा अपवाद शाबूत आहे, एवढंच नोंदवून पुढे जाते.

दुसरा मुद्दा सॉल्सबरी प्रकरणाचा. याच्याशिवाय डन्स्टनची कारकीर्द अपुरी. राज्याच्या पोलिसांची एक ‘स्पेशल ब्रॅंच’ होती. तिने कुणाकुणाच्या फायली ठेवल्या होत्या? लेबरचे आमदार, कामगार संघटनांची माणसं, धर्मगुरू, समलिंगी हक्कांचे कार्यकर्ते, विद्यापीठातले लोक. सरकारने विचारल्यावर पोलीस आयुक्त हॅरॉल्ड सॉल्सबरी यांनी खरं चित्र दिलं नाही. न्यायमूर्ती व्हाइट यांच्या चौकशीत ते उघड झालं आणि जानेवारी १९७८ मध्ये डन्स्टनने आयुक्तांना काढून टाकलं. शहरात गदारोळ झाला, आयुक्तांच्या बाजूने मोठी सभा झाली. सॉल्सबरींची भूमिका अशी की आपली बांधिलकी राजसत्तेशी, निवडून आलेल्या सरकारशी नव्हे. मग रॉयल कमिशन नेमलं गेलं. त्याच्या प्रमुख न्यायमूर्ती रोमा मिचेल. त्यांनी बडतर्फी योग्य ठरवली.

रोमा मिचेल या ऑस्ट्रेलियातल्या पहिल्या महिला सुपीरियर कोर्ट न्यायाधीश, आणि त्यांची १९६५ मधली नेमणूक डन्स्टन ॲटर्नी जनरल असतानाची. विरोधकांनी यावर बोट ठेवलं असेल तर मला नवल नाही. पण अहवाल वाचलेल्यांनी त्यातल्या तर्काला फारसं खोडलेलं दिसत नाही.

माझ्या मते त्याच्या कारकिर्दीतला सगळ्यात धाडसी निर्णय हाच. चड्डी घालायला हिंमत लागत नाही, पोलीस आयुक्ताला घरी पाठवायला लागते.

दख्खनी

शेवटचं वाक्य फ्रेम करून लावण्यासारखं.

खडूस_काका

वकीलीणबाई, प्रतिसाद आवडला. पण ‘सरकारला नको असलेल्या पोलीसप्रमुखाला सरकारने काढलं’ हे वाक्य दुसऱ्या कुठल्या राज्याबद्दल लिहिलं असतं तर आपण सगळे एव्हाना निषेधाच्या सह्या गोळा करत असतो. नाही का?

वकीलीणबाई

काका, म्हणूनच मी कमिशनबद्दल लिहिलं. काढलं, आरडाओरडा झाला, त्यावर खुली चौकशी झाली आणि अहवाल लोकांसमोर आला. शेवटच्या दोन पायऱ्या गाळल्या तर तुमचं वाक्य लागू पडेल.

टॉरेन्सकाठ

ॲडलेडचाच. एवढी गंभीर चर्चा चालू असताना बाटल्यांबद्दल लिहायला आलोय, माफ करा.

या राज्यात शीतपेयाचा कॅन किंवा बिअरची बाटली डेपोत नेऊन दिली की दहा सेंट मिळतात. आधी पाच होते, २००८ पासून दहा. कायदा १९७५ चा, अंमल १९७७ पासून. बाकीची राज्यं यात कितीतरी वर्षं मागे होती. माझी आई इथे पहिल्यांदा आली तेव्हा तिला विमानतळ, समुद्रकिनारा, वाइनचे मळे यातलं काहीच विशेष वाटलं नाही. गॅरेजमधली रिकाम्या कॅनची पोती बघितली आणि म्हणाली, ‘हे आपल्यासारखं आहे.’ आता दरवेळी डेपोत ती माझ्याबरोबर येते आणि मोजणाऱ्या पोरावर नजर ठेवते. आमच्या मंडळाच्या गणपतीनंतर कॅन गोळा करायला मुलं भांडतात कारण पैसे त्यांचे.

प्रश्नाचं उत्तर द्यायचं तर कुठल्या मुख्यमंत्र्याचा निर्णय पन्नास वर्षांनी माझ्या गॅरेजपर्यंत पोचलाय? माझ्यापुरता तरी हाच एक.

चिंबोरी

बाटल्यांवरून खाण्यापिण्यावर येऊ या. हा प्राणी स्वयंपाकही करायचा आणि १९७६ मध्ये पदावर असताना त्याने पाककृतींचं पुस्तक काढलं! ऑस्ट्रेलियात तेव्हा पुरुष पुढाऱ्याने स्वयंपाकघरात शिरणं म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. सहाला बार बंद व्हायचे तेव्हा पाच ते सहा कामगार कसे ढोसायचे याचे फोटो बघा, लोक ग्लास घेऊन रांगेत. ते बंद करून ‘बसा, जेवा, वाइन घ्या, गप्पा मारा’ ही संस्कृती आणायची तर नुसता कायदा पुरत नाही. म्हातारपणी, १९९४ मध्ये, जोडीदारासोबत नॉरवूडमध्ये ‘डॉन्स टेबल’ नावाचं रेस्टॉरंट चालवलं. आपला कुठला माजी मुख्यमंत्री निवृत्तीनंतर खानावळ काढेल?

अवकाळी

निवृत्त होईल तेव्हा ना.

पिंपळपान

नॉरवूडकर, तुम्ही ‘लाटेवर स्वार’ लिहिलंय म्हणून. जानेवारी १९७६ मध्ये ॲडलेडमध्ये एका घर रंगवणाऱ्या माणसाने भाकीत केलं की अमुक दिवशी भर दुपारी भूकंप होणार आणि प्रचंड लाट येऊन शहर बुडणार. काही लोक खरोखर घर विकून डोंगरात गेले. आता राज्याच्या प्रमुखाने काय करावं? पत्रक काढावं, शास्त्रज्ञांना बोलवावं. डन्स्टन त्या दिवशी ग्लेनेल्गच्या समुद्रकिनाऱ्यावर जाऊन लाटेची वाट बघत उभा राहिला. हजारो लोक जमले. बारा वाजले, लाट आली नाही, लोकांनी टाळ्या वाजवल्या.

बाकरवडी

आणि याचं श्रेय मात्र कुणी त्याला देत नाही. लाट थोपवली माणसाने!

मेलबर्नची_मावशी

सगळे प्रतिसाद वाचले. एक गोष्ट सुटली आहे, आणि ती आपल्या सगळ्यांच्या पासपोर्टशी जोडलेली आहे.

‘व्हाइट ऑस्ट्रेलिया’ धोरण फक्त उजव्या पक्षांचं होतं असा समज असेल तर तो काढून टाका. लेबर पक्षाच्या कार्यक्रमात ते अनेक दशकं लिखित स्वरूपात होतं. गोरेतर स्वस्त मजूर आले तर कामगारांचे पगार पडतील, हा त्यामागचा युक्तिवाद. ते कलम १९६५ मध्ये निघालं आणि ते काढायला पक्षाच्या आत जे झगडले त्यात डन्स्टन पुढे होता. पक्षाचे तेव्हाचे राष्ट्रीय नेते आर्थर कॉलवेल यांचा याला मनापासून विरोध होता. पुढे १९७३ मध्ये केंद्रातल्या व्हिटलमच्या लेबर सरकारने धोरणाचे उरलेसुरले अवशेष पुसले. पक्षाच्या कार्यक्रमात कलम तसंच राहिलं असतं तर ते इतकं सहज झालं नसतं.

माझे सासरे सत्तरच्या दशकात डॉक्टर म्हणून इकडे आले. दक्षिणेकडे मराठी माणूस तेव्हा शोधून सापडायचा नाही, इडली-डोशाचं पीठ सोडाच, साधी हळद भारतातून यायची. त्यांना डन्स्टनचं नाव ठाऊक होतं की नाही, मी कधी विचारलं नाही. पण ते इथे येऊ शकले यामागे अशा पक्षाअंतर्गत कंटाळवाण्या बैठका होत्या, हे मला फार उशिरा कळलं. एखाद्या राज्याचा पुढारी आपल्या राज्याबाहेरही किती पोचू शकतो त्याचं हे उदाहरण. तेव्हा तो प्रीमियरसुद्धा झाला नव्हता.

नॉरवूडकर

मावशी, हे फार मोलाचं लिहिलंत. याच्या आधीचीही एक गोष्ट आहे. १९५९ मध्ये मॅक्स स्टुअर्ट नावाच्या आदिवासी माणसाला खुनाच्या आरोपात फाशी सुनावली होती, कबुलीजबाबाबद्दल गंभीर शंका होत्या. प्लेफर्ड सरकारने चौकशी नेमली पण तिच्यावर याच खटल्यात आधी काम केलेले न्यायाधीश! डन्स्टनने सभागृहात हा विषय लावून धरला, वृत्तपत्रांनी उचलला, अखेर फाशी जन्मठेपेत बदलली. नवखा आमदार म्हणून त्याचं नाव राज्यभर झालं ते यातून.

खडूस_काका

ते प्रकरण प्लेफर्डांच्या कारकिर्दीवरचा डाग आहेच, मी नाकारत नाही.

आता डन्स्टनच्या न झालेल्या गोष्टीही लिहा कुणीतरी. नाहीतर मीच लिहितो. मोनार्टो! ॲडलेडची गर्दी कमी करायला मरे ब्रिजजवळ अख्खं नवं शहर उभारायची योजना. जमिनी घेतल्या, झाडं लावली, आराखडे झाले. लोकसंख्या अपेक्षेप्रमाणे वाढलीच नाही आणि शहर कागदावर राहिलं. आज तिथे जिराफ आणि सिंह फिरतात, मोठं सफारी पार्क आहे.

राज्याची ग्रामीण रेल्वे १९७५ मध्ये केंद्राला विकली. तेव्हा चांगला सौदा म्हणून टाळ्या मिळाल्या, नंतर केंद्राने एकेक मार्ग बंद केला तेव्हा बोलायला राज्याच्या हातात काही उरलं नाही. युरेनियमचंही तेच. ऑलिंपिक डॅम नावाच्या ठिकाणचा साठा १९७५ मध्ये सापडला, डन्स्टनने खाणकामाला नकार दिला, १९७९ च्या सुरुवातीला युरोपात जाऊन चौकशी करून आला तरी नकारच. तो गेल्यावर त्याचाच पक्ष सप्टेंबर १९७९ मध्ये हरला आणि १९८२ मध्ये खाणीचा करार मंजूर झाला. लेबरच्याच एका आमदाराच्या मताने!

मिश्रखत

काका, मोनार्टोची झाडं मात्र छान वाढली आहेत म्हणे. आमच्या खात्याने लावलेली अजून शोधतोय.

गोदाकाठ

मूळ प्रश्नाकडे परत येतो, कारण तो खरंच चांगला आहे आणि आपण बाटल्या-जिराफांत हरवलोय.

वरच्या सभागृहाबद्दल कुणीच लिहिलं नाही. इथल्या विधान परिषदेत तेव्हा २० जागा आणि मतदानाला मालमत्तेची वगैरे अट. त्यामुळे वर्षानुवर्षं १६ लिबरल, ४ लेबर. लोक काय वाटेल ते म्हणोत, परिषद अडवणार. १९७३ मध्ये कायदा बदलून सगळ्या प्रौढांना मत आणि संपूर्ण राज्य हा एकच मतदारसंघ धरून मतांच्या प्रमाणात जागा, अशी रचना आली. आणि ती लिबरल बहुमताच्या त्याच परिषदेकडून मंजूर करून घ्यावी लागली.

सांस्कृतिक बदल लाटेने आले असं म्हणता येईल. चड्डी, वाइन, नाटक हे कुठेही झालंच असतं, आणि फेस्टिव्हल सेंटरचं काम तर हॉलच्या काळात सुरू झालं होतं. (ते जून १९७३ मध्ये उघडलं, सिडनीच्या ऑपेरा हाऊसच्या आधी. सिडनीकरांनी राग मानू नये.) पण मतांची मोजणी बदलायला लाट उपयोगी पडत नाही. तिथे कुणालातरी वर्षानुवर्षं विधेयकं, तडजोडी आणि हरलेल्या निवडणुका यात गाडून घ्यावं लागतं. डन्स्टन ते १९५३ पासून करत होता. माझं मत: तिथे माणूस महत्त्वाचा ठरला. फक्त एक नव्हे, दोन. डन्स्टन आणि हॉल.

आणि गंमत म्हणून: डन्स्टन नावाच्या मतदारसंघातून २०१४ पासून निवडून येत राहिला तो लिबरल पक्षाचा स्टीव्हन मार्शल, जो २०१८ मध्ये प्रीमियर झाला. लेबरने ती जागा २०२४ च्या पोटनिवडणुकीत घेतली.

नॉरवूडकर

@गोदाकाठ, पटलं. ‘कुणी केलं’ यापेक्षा ‘कुठे माणूस लागतो आणि कुठे काळ पुरतो’ असा प्रश्न विचारायला हवा होता.

डन्स्टनच्या शेवटाबद्दल एकाने व्यक्तिगत निरोपात विचारलं म्हणून इथेच लिहिते. दुसरी पत्नी ॲडेल को, मलेशियात जन्मलेली पत्रकार. १९७६ मध्ये लग्न, ऑक्टोबर १९७८ मध्ये ती कर्करोगाने गेली. त्याच वर्षी सॉल्सबरी प्रकरण. तब्येत ढासळली आणि १५ फेब्रुवारी १९७९ ला हॉस्पिटलमधून, ड्रेसिंग गाऊनमध्ये, टीव्ही कॅमेऱ्यांसमोर राजीनामा. नंतर काही वर्षं तो व्हिक्टोरिया राज्याच्या पर्यटन खात्याचा प्रमुख होता आणि ॲडलेडवाल्यांना ते बिलकुल आवडलं नाही. १९९९ मध्ये वारला.

पिंपळपान

स्टील हॉलचं पुढे काय झालं?

वकीलीणबाई

पक्षातल्या जुन्या मंडळींशी फाटलं, वेगळी चूल मांडली, सिनेटर झाला. १९७५ मध्ये सिनेटने व्हिटलम सरकारचा पैसा अडवला तेव्हा हॉलने लेबरचा नसूनही अडवणुकीविरुद्ध मत दिलं. म्हणजे पुन्हा तेच. २०२४ मध्ये गेला, नव्वदी पार करून.

दख्खनी

यांच्यावर स्वतंत्र धागा पाहिजे. गोदाकाठ, मनावर घ्या.

गोदाकाठ

घेतो, पण दिवाळीनंतर. आधी काकांनी प्लेफर्ड लिहावेत.

खडूस_काका

लिहायला बसलोच आहे. वीज कंपनी ताब्यात घेण्यापासून सुरुवात करतोय. प्लेफर्डांच्याच पक्षाच्या परिषदेने ते विधेयक एकदा पाडलं होतं, ते वाचून इथल्या काही जणांना त्रास होईल.